अण्णाकाकांनी बसून पाहिलेल्या खुर्च्या

आमच्या घरात खुर्ची विकत घ्यायची म्हणजे आधी अण्णाकाकांना दुकानात न्यावं लागे. खुर्ची आम्ही निवडायची, पण पास की नापास हे ठरवायचे ते. दुकानात शिरले की ते त्या खुर्चीकडे पाठ करून उभे राहत, सदरा मागून सारखा करत आणि सगळं अंग एकदम तिच्यावर सोडून देत. दुकानदाराचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होई. खुर्ची नुसती कुरकुरली तरी अण्णाकाका उठत आणि तिच्याकडे वळूनही न बघता म्हणत, "चला." न कुरकुरली, तर मात्र खरी परीक्षा सुरू व्हायची. डावीकडे कलायचं, उजवीकडे कलायचं, मग पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर डोलायचं. हे चाललेलं असताना बाबा हळूच दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभे राहायचे, कारण त्यांना लाज वाटायची. मला मात्र या प्रकाराचा फार अभिमान होता. मैत्रिणींच्या घरी खुर्च्या होत्या, पण त्या अशा कसून तपासलेल्या नव्हत्या.

अण्णाकाका बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. ते कायम आमच्यातच राहिले. तरुणपणी आखाड्यात कमावलेलं त्यांचं शरीर पुढे कचेरीत फायली उपसता उपसता चहूबाजूंनी वाढलं, पण त्यातला कणखरपणा गेला नव्हता. आमचे आजोबा संस्थानाच्या काळात राजवाड्यातल्या सामानसुमानाची देखरेख करत आणि लहानगे अण्णाकाका त्यांचं बोट धरून त्या दालनांमधून हिंडलेले होते. त्यामुळे लाकडाच्या बाबतीत अख्ख्या बडोद्यात आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं ते अगदी सहज सांगत, बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तसं. आम्हीही ते तसंच धरून चाललो होतो. भूगोल शिकवणारे बाबा तेवढे अधूनमधून म्हणत, "अण्णा, राजवाड्यातल्या खुर्च्या बघितल्यास हे खरं, पण त्यातली एकतरी विकत घेतली होतीस का?" अण्णाकाका उत्तर द्यायचे नाहीत. धाकट्या भावाच्या अशा बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

तेव्हा आम्ही पाणीगेटला राहत होतो, पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात. खाली पिठाची घंटी होती. बडोद्यातले आम्ही मराठी लोकही गिरणीला घंटीच म्हणतो. तिचा पट्टा दिवसभर फटफट फिरत असायचा, इतका की तो थांबला की आम्ही सगळे बोलता बोलता गप्प व्हायचो आणि एकमेकांकडे बघायचो. मधल्या खोलीत पाट मांडून जेवणं व्हायची. आईच्या आमटीत गूळ जरा सढळ हाताने पडायचा. पुण्याहून आलेले पाहुणे पहिल्या घासाला थबकत, दुसऱ्या घासाला एकमेकांकडे बघत आणि तिसऱ्यापासून मुकाट्याने जेवत. आमटी गोड, भाजीही गोडाकडे झुकलेली, शेजारच्या मंजुबेननी दिलेला कैरीचा छुंदा त्याहून गोड. तिखट म्हणावं असं आमच्या पंगतीत एकच, ते म्हणजे अण्णाकाकांचं बोलणं.

पण हे बोलणं आईशी कधी होत नसे. थोरल्या दिरासमोर बाईने बसायचं नाही आणि दिरानेही तिच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत होती. आजीने ती घालून दिली, आणि आजूबाजूच्या गुजराती घरांत सुना सासऱ्या-जेठांसमोर तोंडावर पदर ओढून 'लाज काढत', ते बघून आमच्याकडे ती आणखी पक्की झाली. दोघांत वाकडं काही नव्हतं. उलट आईचा स्वयंपाक हा अण्णाकाकांचा अभिमानाचा विषय होता. पण तो सांगायचा माझ्यामार्फत. "मने, आईला सांग, आज वांगी झकास झालीत." आई तिथेच, हातात पोळीचं ताट घेऊन उभी. "मने, काकांना विचार, आणखी एक वाढू का?" काका तिच्यासमोरच बसलेले. लहान असताना मी इमानेइतबारे प्रत्येक निरोप पुन्हा म्हणून दाखवायची. मोठी झाल्यावर नुसतं "हं" म्हणू लागले, पण मी हं म्हटल्याशिवाय कोणी पुढचं वाक्य बोलायचं नाही. मी शाळेच्या सहलीला गेले की हे दोघं घरात काय करत असतील, याची मला खरोखर काळजी वाटायची.

मग आईचा गुडघा गेला. पाण्याची बादली घेऊन जिना चढताना ती पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "बेन, हवे नीचे बेसवानुं बंध." खाली बसायचं बंद. त्यांनी ते सहज म्हटलं, पण आमच्या घरात जेवण म्हणजेच खाली बसणं होतं. पूर्वी आम्ही उठलो की आई आपला पाट मांडायची आणि मी तिच्यासमोर उगीच बसून राहायची. कॉलेजातल्या गोष्टी, मंजुबेनच्या सुनेच्या गोष्टी, सगळं त्या वेळी व्हायचं. दिवसभरात आई आपली अशी मिळायची ती तेवढीच. आता ती ओट्याशी उभ्याने जेवू लागली. ताट ओट्यावर, एका हाताने ओट्याचा आधार घेतलेला, दोन घास खाल्ले की जड पायावरचा भार हलक्या पायावर. गप्पाही बंद झाल्या, कारण उभं माणूस जेवण उरकतं. मला ते बघवत नसे.

त्याच सुमारास बाबांनी निजामपुऱ्यात फ्लॅट घेतला. पांढऱ्या फरशा, सरकत्या काचांच्या खिडक्या, लांबट गॅलरी. गॅलरीत अण्णाकाकांनी पहिल्याच दिवशी झोपाळा टांगून घेतला. घंटीचा पट्टा गेला आणि त्याच्या जागी आजूबाजूच्या कुकरच्या शिट्ट्या आणि सकाळी स्कूटरना मारलेल्या किका आल्या. दिवसच तसे होते. सगळ्यांकडे काहीतरी नवं येत होतं. कोणाकडे रंगीत टीव्ही, कोणाकडे केबल, कोणाच्या घरी फोमचा सोफा. नव्या घरातल्या पहिल्या आठवड्यात, सगळे पाटांवर बसलेले असताना, मी बोलून टाकलं, "आपण डायनिंग टेबल घेऊ या."

"टेबलावर जेवायला हे काय हॉटेल आहे?" अण्णाकाका म्हणाले.

"आईला खाली बसता येत नाही, काका. ती उभ्याने जेवते."

आई आतून म्हणाली, "मने, पुरे." अण्णाकाकांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. जेवण झालं की ते उठून जायचे. त्यांच्यामागे आई कशी जेवते हे त्यांनी बघायचं नाही, हाही रीतीचाच भाग होता. बराच वेळ त्यांनी नुसता भात चिवडला. मग म्हणाले, "घेऊ. पण नीट बघून घेऊ. जन्मभराचं घ्यायचं."

बाबांना अलकापुरीतलं काचेच्या दाराचं शोरूम आवडलं होतं, म्हणून आधी तिथे गेलो. आत थंडगार हवा, मंद संगीत, आणि आरशासारखं चकाकणारं टेबल. अण्णाकाकांनी त्याच्या वरच्या चकाकीकडे पाहिलंही नाही. ते खाली वाकले, मग बसले, आणि शेवटी चक्क उताणे होऊन टेबलाखाली सरकले. बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. बाबा ताबडतोब रिक्षा बघायला गेले. आतून हाक आली, "मने, इकडे ये." मीही वाकून आत शिरले. "वरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते," ते म्हणाले, "खालची बघायची. खाली कोणी पॉलिश मारत नाही, कोणी खोटं बोलत नाही. हे बघ." त्यांनी बोटाला थुंकी लावून कडेवर घासलं. बोटाला तपकिरी भुगा लागला. "भुसा आहे. कणीक दाबावी तसा दाबलाय, वरून कागद चिकटवलाय. फरशी पुसताना रोज पाणी लागलं की फुगेल."

टाय बांधलेला पोरगा हसत म्हणाला, "अंकल, आजकल यही चलता है."

"चलता होगा," टेबलाखालून आवाज आला. "हमको खडा रहनेवाला चाहिए."

नंतरचे कितीतरी रविवार या शोधात गेले, आणि मी जे काही शिकले ते याच रविवारांत शिकले. टेबलाचा एक कोपरा उचलायचा; शेजारचा पाय लगेच उठला तर सांधे घट्ट, कोपरा नुसताच वर आला तर ढिले. सांध्यात खिळ्याचं डोकं दिसलं की पुढच्या दुकानात जायचं. खण ओढून आतला वास घ्यायचा, कारण वासाला रंग देता येत नाही. फळीच्या कडेला रेघा वळून खाली गेलेल्या दिसल्या तर फळी अखंड. मला हे सगळं इतकं आवडायला लागलं की मी कॉलेजातल्या बाकांखालीही डोकावून बघू लागले. आजही बघते. हल्ली माझी मुलगी घरबसल्या मोबाईलवर सोफा मागवते, रंगसुद्धा तिथेच निवडते. मी विचारते, "अगं, पण बसून कोण बघणार?" ती म्हणते, "आई, आवडला नाही तर परत नेतात." अण्णाकाकांना हे ऐकवायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

शेवटी लहरीपुऱ्यात एका जुन्या दुकानात योग जुळला. त्या दिवशी आईही आली होती. पसंतीला आलंच पाहिजे असा बाबांनी हट्ट धरला होता. शेठ गादीवरून उठून पुढे आला. "आवो साहेब, बेसो, बेसो!" अण्णाकाका बसले. खुर्ची हूं की चूं करेना. रुंद बैठक, उंच पाठ, अण्णाकाका तिच्यात ऐसपैस मावले. ते डोलले, कलले, उठले, पुन्हा बसले. मग टेबल. टेबलाखाली ते जाऊन आले, मी जाऊन आले. "प्योर सागवान छे, साहेब," शेठ म्हणाला. "तमारा दीकराना दीकरा आना पर जमशे." ज्याला मुलगाच नाही त्याच्या नातवंडांच्या जेवणाची सोय शेठने करून टाकली, पण अण्णाकाका खुशीत होते. त्यांनी टेबलाच्या पायावर थाप मारली आणि म्हणाले, "पास."

आई दाराजवळच्या आरशाच्या कपाटाशी उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात नकळत गुडघ्याकडे गेलेला. शेठ म्हणाला, "बेन, तमे पण बेसो ने." आई हसली. "ना ना, ठीक छे."

"मने, आईला विचार, पसंत आहे का?"

"हं," मी म्हटलं.

"छान आहे म्हणावं," आई म्हणाली.

"हं," मी म्हटलं. झालं. ज्या बाईला बसता यावं म्हणून एवढी शोधाशोध चालली होती, ती सोडून त्या दुकानात सगळे बसले. काका बसले, रिक्षा बघून परत आलेले बाबा बसले, मी बसले, शेठसुद्धा बसला. थोरला दीर समोर असताना आईने बसायचं नाही, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही.

टेबल उंटगाडीवरून आलं. निजामपुऱ्याच्या आमच्या सोसायटीत उंट शिरल्यावर गॅलऱ्यागॅलऱ्यांतून माणसं गोळा झाली, आणि अण्णाकाका जातीने पुढे चालत वरात आणावी तसं ते टेबल घेऊन आले. जिन्यात वळवताना तीन मजल्यांवरून सूचना आल्या. त्या दिवशी आईने श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. पुऱ्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता आणि टेबलावर अजून पॉलिशचा वास होता, त्यामुळे पहिले चार घास दोन्हींची चव एकदमच लागली. आईने सगळ्यांना वाढलं. बाबा म्हणाले, "आता तूही बस." आई नुसती हसली. अण्णाकाका भराभर जेवले, एरवीपेक्षा खूपच भराभर, आणि हात धुऊन गॅलरीत झोपाळ्यावर जाऊन बसले, पाठ आमच्याकडे करून. तिला बसता यावं म्हणूनच ते गेले, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

आई बसली, आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात. आई उंचीने लहानखुरी होती. अण्णाकाकांच्या मापाने पास झालेल्या त्या खुर्चीत ती पाठीला टेकली की पाय सरळ पुढे येत, आणि कडेवर सरकली की फक्त अंगठे फरशीला लागत. टेबल तिच्या छातीपर्यंत आलेलं. बँकेच्या काउंटरवर लहान मूल हात टाकून उभं असतं, तशी ती ताटाकडे बघत होती. "उंच आहे जरा," ती म्हणाली आणि हसली. पण लोंबकळलेल्या गुडघ्याला संध्याकाळी सूज आली. दोन-चार दिवस तिने रेटून पाहिलं. मग एके दुपारी मी कॉलेजातून आले तर टेबलावर वर्तमानपत्रं आणि भाजीची पिशवी, आणि आई ओट्याशी उभी, एक हात ओट्यावर.

"मने, कोणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "भाऊजींनी एवढं हिंडून घेतलंय. जन्मभराचं म्हणून घेतलंय."

मला रडूच आलं. शोध चालू असताना आई उभी राहून जेवायची तेव्हा निदान टेबल आलं की होईल सगळं ठीक, असं तरी वाटायचं. आता टेबल आलं होतं.

पण ते फार दिवस लपून राहिलं नाही. एका रविवारी अण्णाकाका जेवून झोपाळ्यावर गेले आणि लगेच परत आले. पाण्याचा तांब्या विसरला होता. स्वयंपाकघराच्या दारात ते थांबले. आई ओट्याशी उभी, तोंडात घास. तिने घाईघाईने पदर सारखा केला.

"मने," अण्णाकाका म्हणाले, "आई उभी का जेवते?"

"मने, सांग घाई होती म्हणून," आई म्हणाली.

हा एकच निरोप मी पोचवला नाही. मी म्हटलं, "खुर्चीवर आईचे पाय टेकत नाहीत, काका."

 अण्णाकाका टेबलापाशी गेले, एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसले, उठले, आणि तिच्याकडे बघत राहिले. "ही खुर्ची बसून कोणी बघितली होती?" त्यांनी विचारलं. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, "तू." अण्णाकाकांनी मान हलवली. मग ते वळले आणि, माझ्याकडे नाही, सरळ आईच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "सुमन, इकडे ये. बस इथे."

सवयीने मी म्हटलं, "आई, काका म्हणतात..."

"तू गप्प बस. मी तिच्याशी बोलतोय."

बाबांचं वर्तमानपत्र खाली आलं. आई दारातच उभी. माझ्या आठवणीत अण्णाकाकांच्या तोंडून आईचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. ते त्यांना येतं, हेच मला नवीन होतं. आई आली आणि खुर्चीच्या अगदी टोकाला, चिमणीसारखी टेकली. "पाठीला टेकून बस," ते म्हणाले. ती टेकली. पाय अधांतरी. आणि मग अण्णाकाका, ज्यांच्यासमोर आई उभ्या जन्मात बसली नव्हती, टेबलाचा पाय धरून सावकाश खाली फरशीवर बसले. तिच्या तळव्याला हात न लावता त्यांनी फरशी आणि तळवा यांच्यामध्ये आपली बोटं एकावर एक आडवी रचली आणि किती मावतात ते बघितलं. आई छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं, आणि मी पटकन दुसरीकडे पाहिलं.

नाक्यावरच्या सुताराला बोलावलं, पण तो टेबल बघून मागेच सरला. "काका, आवुं नवुं टेबल? मारो हाथ नहीं चाले." तेव्हा अण्णाकाकांनी त्याची करवतच मागून घेतली. बाबा म्हणाले, "अण्णा, तिच्यापुरती एक खुर्ची काप. टेबल कशाला कापतोस?"

"खुर्ची खाली आणि टेबल वर, मग तिने काय हनुवटीने जेवायचं?"

"बरं, टेबल काप. पण बाकीच्या खुर्च्या?"

"टेबलाला सगळ्या सारख्या लागतात. तिच्या मापाने कापायचं तर सगळंच कापायचं. आपण घेऊ पाय दुमडून."

गॅलरीत, झोपाळा वर गुंडाळून, कापणं सुरू झालं. खुर्च्यांच्या पायांतून करवत सहज गेली. पिवळसर भुसा पडला आणि सागाचा तो तेलकट, उबदार वास घरभर पसरला. अण्णाकाकांनी कापलेला तुकडा माझ्या नाकाशी धरला. "बघ. आतपर्यंत साग." बाबांनाही त्यांनी तो हुंगायला लावला. मग टेबल उलटं केलं, पहिला पाय घेतला, आणि करवत अडली. अण्णाकाकांनी जोर लावला. आखाड्यातले दंड, पण करवत केसभर पुढे जाईना. जो भुसा पडत होता तो लालसर होता, आणि त्याला सागाचा वास नव्हता. ते थांबले. भुसा चिमटीत घेऊन त्यांनी चोळला, पुन्हा चोळला.

"साग नव्हे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "पाय बाभळीचे आहेत. वरून रंग दिलाय."

 अण्णाकाका टेबलाखाली जाऊन आले होते, मीही जाऊन आले होते, आणि तरी शेठने आम्हाला बनवलं होतं. राजवाडा बघितलेला माणूस लहरीपुऱ्यात फसला होता. बाबांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं ते ज्या संधीची वाट बघत होते ती समोर येऊन बसली होती, आणि ती ते सोडतील असं मला तरी वाटत नव्हतं. पण त्यांच्या आधी दारातून आई बोलली. माझं नाव न घेता, कोणाला निरोप न देता.

"आमच्या गावी बैलगाडीची चाकं बाभळीची करायचे, भाऊजी," ती म्हणाली. "मग हे टेबल कशाने मोडतंय?"

अण्णाकाका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि ते उलट्या टेबलाला धरून इतके हसले की शेजारच्या गॅलरीतून काय झालं म्हणून विचारणा झाली. "ऐकलंस?" ते बाबांना म्हणाले. "गाडीची चाकं! जन्मभराचंच निघालं की रे!" बाबाही हसले. बोलायचं ते त्यांनी गिळून टाकलं ते कायमचंच. पुढे कधीही त्यांनी बाभळीचा विषय काढला नाही. तो दिवस मावळेपर्यंत दोघे भाऊ आळीपाळीने करवत ओढत होते.

ते टेबल आज माझ्याकडे आहे. आई गेली, बाबा गेले, अण्णाकाका त्यांच्याही आधी गेले. पॉलिश उडालंय, गरम भांड्यांचे डाग पडलेत, पण कोपरा उचलला की शेजारचा पाय अजून लगेच उठतो. नवा माणूस बसला की गोंधळतो, माझे उंच जावई तर गुडघे कुठे ठेवावेत म्हणून दर वेळी थोडे खटपटतात आणि विचारतात, "हे एवढं बुटकं कशासाठी?" एक खुर्ची अण्णाकाकांनी तिरकी कापली होती. ती डुगडुगते. ती त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती आणि तिच्या पायाखाली रोजच्या वर्तमानपत्राची घडी ठेवून ते बसत. ती घडी आता मी ठेवते, कारण त्या खुर्चीवर आता मी बसते; माझेही गुडघे बोलायला लागलेत आणि बुटकी खुर्ची मला फार सोयीची पडते.

टेबल कापलं त्या रविवारी रात्रीच्या जेवणाला काही बेत नव्हता. आमटी, भात, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी, मंजुबेनचा छुंदा. पण वाढायचं कोणी, हा प्रश्न निघालाच. आई सवयीने पळी घेऊन उभी राहिली. अण्णाकाकांनी आत जाऊन एक एक पातेलं उचलून आणलं आणि टेबलाच्या मधोमध मांडलं. पोळ्यांचा डबाही आणला. "ज्याने त्याने घ्यायचं," ते म्हणाले. तव्यावरून पानात आलेल्या पोळीखेरीज दुसरी पोळी ज्यांनी आयुष्यात खाल्ली नव्हती, त्यांनी डब्यातली पोळी घेतली. बाबा म्हणाले, "अण्णा, गार आहे रे ती." ते म्हणाले, "गारच चांगली लागते."

आई बसली. अण्णाकाका समोर असताना, त्यांच्याच टेबलाला. हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. ती एकदा ताटाला हात लावायची, एकदा पदराला. बाबा आणि अण्णाकाका गुडघे वर आलेले, बालवाडीत बसल्यासारखे. मला राहवेना. मी मान वाकवून टेबलाखाली डोकं घातलं.

"मने, खाली काय बघतेस?" अण्णाकाकांनी विचारलं.

"खालची बाजू बघतेय, काका."

"मग?"

"आईचे दोन्ही पाय टेकलेत."

अण्णाकाकांनी मान डोलावली. मग आमटीचं पातेलं त्यांनी आईच्या बाजूला सरकवलं. "सुमन, आमटी घे. चांगली झालीये."

आईने माझ्याकडे बघितलं. मी हं म्हटलं नाही. ती अण्णाकाकांना म्हणाली, "घेते," आणि तिने आपल्या हाताने आपल्याला आधी वाढून घेतलं.